खाऱ्या पाण्यातला फेस

लातूर, ९ जून २००२

मोहसीन,

नमस्कार. तुझं ईदेचं कार्ड मिळालं होतं, उत्तर द्यायचं राहिलं. आज काम आहे म्हणून लिहितो आहे. फोनवर मला धड बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे.

आमच्या क्लासच्या सरांनी ऑफिसात माशांची टाकी बसवली आहे. मुंबईहून आणली. तुझ्या दुकानात असतात तशी साधी नाही, समुद्राच्या पाण्याची आहे. तीन फूट लांब, दोन फूट उंच. पाण्यात घालायचं मीठसुद्धा मुंबईहून पिशव्या भरून येतं. आत चार मासे आहेत. दोन नारिंगी पट्टेवाले, एक निळा, एक पिवळा. सध्या ॲडमिशनचा हंगाम आहे. अहमदपूर, चाकूर, उमरी, कुठून कुठून पालक येतात. आधी मासे बघतात, मग पोराचे मार्क सांगतात, मग फी विचारतात. मी होस्टेलचा रेक्टर, पण बीएस्सीला प्राणिशास्त्र होतं हे सरांच्या लक्षात होतं. म्हणून टाकी माझ्या गळ्यात आली. मी निजतोही ऑफिसातच. बाकी इमारतीला स्लॅब आहे, ऑफिसावर अजून पत्रे आहेत.

अडचण अशी. माशांची घाण आणि उरलेलं खाणं पाण्यात विरघळतं आणि पाणी विषारी होत जातं. त्याला प्रोटीन स्किमर म्हणून एक यंत्र लागतं. खाऱ्या पाण्यात अगदी बारीक बुडबुडे सोडायचे, घाण त्यांना चिकटते आणि फेस होऊन वर येते. तो फेस बाहेर काढून टाकायचा. गुऱ्हाळात काहिलीवरची मळी काढतात तसंच. परदेशी यंत्राची किंमत ऐकून सरांनी विषय बदलला. म्हणाले, "रेक्टर, दिवाळीपर्यंत जगले तर जगले. न्हाई तर टाकी इकून टाकू, आन् या पत्र्याच्या जागी बी स्लॅब टाकून घेऊ."

टाकी राहिली पाहिजे. मला ती तिथे पाहिजे. तू काचेचं काम करतोस, तुझ्या हाताला वळण आहे. कमी खर्चात होत असेल तर बनवून दे.

गुरुलिंग


इतवारा, नांदेड, १५ जून २००२

गुरुलिंगा,

सलाम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. नऊ वर्षांत तू मला पाठवलेल्या मजकुराची बेरीज केली तर एक पोस्टकार्ड भरणार नाही, आणि आज पान भरून आलं. त्यात परत "मला पाहिजे" असं लिहिलेलं. साबेराला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "भावजी काही मागून राहिले ना, मग तुम्ही भाव कशाला करता, द्या करून." जणू मी भाव करायलाच बसलो होतो.

आता खरं सांगतो, समुद्राच्या माशांचं मला काही कळत नाही. माझं गिऱ्हाईक म्हणजे दोन गोल्डफिश आणि एक प्लास्टिकची मगर. पण काच मला कळते. दुकानात कापून उरलेल्या पट्ट्यांचा ढीग पडला आहे, अब्बांच्या वेळचाही त्यात असेल. चार पट्ट्या सिलिकॉनने जोडल्या की चौकोनी नळी झाली. गोल नळी अॅक्रिलिकची लागते आणि ती हैदराबादहून आणावी लागेल. बुडबुड्यांना नळी गोल की चौकोनी काय फरक पडतो? तू प्राणिशास्त्रवाला, तू सांग. मी सेकंड इयरला कॉलेज सोडलं ते असल्या प्रश्नांना कंटाळूनच.

मापं पाठव. आणि यंत्राचं चित्र काढून पाठव, बेडकाचं काढायचास तसं नको, त्यात यकृत कुठलं ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

आणखी एक. माझ्या थोरल्या भावाची अर्शी बारावीसाठी तुमच्याच क्लासला येते आहे. मुलींच्या होस्टेलला राहील. तुला चाचा म्हणेल. नजर ठेव.

तुझा,
मोहसीन


लातूर, २ जुलै २००२

मोहसीन,

चित्र सोबत आहे. फिजिक्सच्या सरांनी नेटवरून दोन पानं काढून दिली, त्यावरून काढलं; ती पानंही जोडली आहेत.

नळी तीन इंच बाय तीन इंच, वीस इंच उंच. टाकीच्या डाव्या कोपऱ्यात उभी राहील. वरच्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा खाली, एक फट. तिथून पाणी आत येईल. तळाशी लाकडाचा तुकडा, त्यातून हवा जाईल. दगडी एअरस्टोनचे बुडबुडे मोठे पडतात, लाकडाच्या छिद्रांतून बारीक निघतात. तळातून एक वाकडा पाइप बाहेर, त्यातून स्वच्छ पाणी परत टाकीत. वर अरुंद मान आणि मानेवर कप. फेस मानेतून चढून कपात पडला पाहिजे.

अर्शी भेटली. मुलगी चांगली आहे. कमी बोलते.

निळा मासा खात नाही.

गुरुलिंग


नांदेड, २१ जुलै २००२

गुरुलिंगा,

तू "कमी बोलते" म्हणतोस म्हणजे ती पोरगी मुकीच झाली असणार. आमच्या घरात तिचं तोंड बंद करायला पैज लावावी लागायची. लातूरला गेलेली सगळीच पोरं अशी होतात का? दर रविवारी एसटीडीवरून फोन करते, "जेवले, टेस्ट झाली, ठेवते" म्हणते आणि ठेवते.

तुझं यंत्र तयार झालं. ऐक कसं झालं ते, कारण मला कौतुक पाहिजे आहे.

काचेच्या पट्ट्या कापून, कडा घासून, जोडून दोन दिवस सुकवल्या. मान म्हणून बिसलरीच्या बाटलीचा वरचा भाग लावला. कप म्हणजे पेपरमिंटची बरणी, तळाला भोक पाडून. हवेची नळी दवाखान्यातल्या सलाईनची आहे. तिला ते फिरवायचं छोटं चाक असतं ना, त्याने हवा कमीजास्त करता येते. आता लाकूड. आमचा सुतार म्हणाला कडुनिंबाचं घ्या, नीम म्हणजे शुद्ध, पाणी पण साफ ठेवील. मी तासून तयारही केलं होतं. मग आठवलं, साबेरा धान्यात निंबाचा पाला घालते तो किडे मरावेत म्हणून. जे किड्याला मारतं ते माशाला काय ओवाळणार आहे? फेकून दिलं. शेवटी फळवाल्याकडून सफरचंदाची रिकामी पेटी आणली. तिचं लाकूड हलकं, सरळ रेषेचं. त्यातून असे बुडबुडे निघाले की दुधासारखं पाणी झालं.

पण फेस येतो की नाही हे बघायचं कसं? बादलीत खायचं मीठ टाकलं आणि अंड्याचा पांढरा बलक. मासा काय, अंडं काय, शेवटी प्रोटीनच. फेस मानेतून चढून बरणीत पडला तेव्हा मी दुकानातून ओरडलो. साबेरा आली आणि म्हणाली, "पोरं अंड्याला तरसून राहिलेत आन् तुम्ही बादलीला खाऊ घालता?" तीन अंडी गेली होती. त्या दिवशी मला वरण मिळालं.

गोणपाटात गुंडाळून सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिलं आहे. त्याला सांगितलं, काच हाय, अहमदपूरच्या पुढं रस्ता खराब हाय, मांडीवर घेऊन बस. हसला. बसलाही असेल. हवेचा पंप मोठा दिला आहे, दुकानातलाच. एक लक्षात ठेव, चोवीस तास चालला पाहिजे. फेस यायला पहिला आठवडा लागतो असं तुझ्या त्या पानांवर लिहिलेलं आहे.

मोहसीन


लातूर, ११ ऑगस्ट २००२

मोहसीन,

यंत्र नीट पोचलं. कुठे तडा नाही. काम फार सुबक केलं आहेस.

बसवून तीन आठवडे झाले. कपात फेस पडत नाही. निळा मासा मेला. पट्टेवाल्यांपैकी एक तळाशी कलून पडलेला असतो.

सर म्हणाले, "रेक्टर, तुमचा दोस्त काचवाला हाय का डॉक्टर? मासे मरून राहिलेत, पालक बघतेत."

गुरुलिंग


नांदेड, १७ ऑगस्ट २००२

गुरुलिंगा,

काचवाला! त्यांना सांग, काचवाल्याने तीन अंडी खर्ची घातली आहेत.

मी बसून विचार केला. मला वाटतं गडबड तेलाची आहे. तेल लागलं की फेस मोडतो, ही साधी गोष्ट आहे, साबेराही म्हणाली. तू मेसमधून जेवून येतोस, पोरांना वाढतोस, हात करडईच्या तेलाचे, आणि त्याच हाताने कप काढून बघतोस. बघतोस ना? मला माहीत आहे, तू दहा वेळा बघत असशील. तर आता असं कर. सगळं काढ, गरम पाण्याने आणि व्हिनेगरने धू, साबण लावू नको. लाकूड नवीन घाल, त्याच पेटीचे चार तुकडे पाठवतो आहे. हात राखेने घासून मग हात लाव.

आणि सलाईनचं चाक पूर्ण उघडं ठेव.

एक मासा गेला म्हणून मन खाऊ नको. दुकानात माझे रोज दोन जातात.

मोहसीन


लातूर, ४ सप्टेंबर २००२

मोहसीन,

धुतलं. व्हिनेगरने धुतलं. लाकूड बदललं. हात राखेने घासले.

फेस पडत नाही. इथे लोडशेडिंग फार आहे. रात्री सात-आठ तास लाइट नसते. पंप बंद पडतो. त्यामुळे होत असावं.

कललेला पट्टेवाला मेला. आता एक पट्टेवाला आणि एक पिवळा.

तुझ्या यंत्रात दोष नाही.

गुरुलिंग


नांदेड, १२ सप्टेंबर २००२

गुरुलिंग,

मी तुला ट्रकच्या बॅटरीवर चालणारा पंप पाठवणार होतो. देगलूर नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जाऊन बसलो, जुनी बॅटरी ठरवली, त्याला पंपाची मोटर दाखवली. आणि रविवारी अर्शीचा फोन आला. मी सहज म्हणालो, तुमच्याकडे लाइटीचे फार हाल दिसतात, अभ्यास कसा करता. ती म्हणाली, "चाचा, इथं लाइट जातच न्हाई. सरांनी मोठा जनरेटर बसवलाय. ऑफिसात तर एक मिनिट बी अंधार न्हाई होत."

मी दिवसभर कामात होतो, पण माझं लक्ष नव्हतं. संध्याकाळी एक आरसा चुकीच्या मापाचा कापला. मला वाईट वाटलं, हे सरळ लिहितो. तुला यंत्र नको असेल तर नको म्हण. माझी लाज राखायला तू लोडशेडिंगची थाप मारली असशील तर तीही मारू नको, माझी लाज एवढी महाग नाही. पण मी इथे राख आणि व्हिनेगर सांगत बसलो आणि तू तिकडे गुपचूप धूत बसलास. का?

पंप कोण बंद करतं?

मोहसीन


नांदेड, २४ सप्टेंबर २००२
(पोस्टकार्ड)

गुरुलिंगा, रागाने लिहिलं होतं, राग गेला. दोन ओळी तरी पाठव. अर्शी म्हणते तू बरा आहेस, पण तिला तू काय सांगणार. मोहसीन


लातूर, १ ऑक्टोबर २००२

मोहसीन,

अर्शी खरं बोलली. पंप मीच बंद करतो. रात्री निजण्याआधी बटण बंद करतो आणि पहाटे चालू करतो. पहिल्या दिवसापासून.

तू विचारलंस म्हणून लिहितो. हे कुणाला सांगितलेलं नाही. लपवायचं होतं असं नाही, सांगण्यासारखं काही वाटलं नाही.

त्र्याण्णवच्या त्या रात्री मी शेतात होतो, हे तुला माहीत असेल. गणपती बुडवून माणसं उशिरा घरी आली होती आणि घरात निजली होती. लाइट रात्रीची होती म्हणून मी उसाला पाणी द्यायला निघालो. दानम्मा म्हणाली, "आज नका जाऊ. इरूपाक्ष तुमच्याजवळ निजतो म्हणून राहिलाय." मी म्हणालो, लाइट आज हाय, उद्याचं काय सांगावं. पोरगं चार वर्षांचं होतं. मी गेलो तेव्हा ते रुसून भिंतीकडे तोंड करून पडलं होतं.

पहाटे मी हौदाच्या काठावर बसलो होतो. हौद काठोकाठ भरलेला होता. आधी पाणी हललं. वारा नव्हता, मोटर बंद होती. पाणी एका बाजूला चढलं आणि माझ्या पायांवर सांडलं. मग जमिनीतून आवाज आला. मग गावाच्या बाजूला धूळ उठली. आमच्या भिंती तू बघितल्या होत्यास, दोन हात जाड, दगडमातीच्या. पाणी हललं तेव्हाच मी पळालो असतो तरी काही झालं नसतं, गाव अर्धा कोस लांब होतं. सगळे हेच सांगतात. मी पळालो नाही. पाण्याकडे बघत उभा राहिलो, ते थांबेपर्यंत.

तेव्हापासून निजताना पाणी डोळ्यांसमोर लागतं. पाणी थांबलेलं असलं की जमीन थांबलेली असते. आधी तांब्या ठेवायचो, मग बादली. दिवा चालू ठेवून डोकं उचलून बघावं लागायचं. घटकेघटकेला उठून बघायचो, तशीच रात्र जायची. स्लॅबखाली तर मला पाठच टेकता येत नाही. मे महिन्यात टाकी आली. काच आहे, आत दिवा आहे. गादीवर पडल्या पडल्या पाण्याची वरची रेघ सरळ दिसते. मुंबईवाल्याचा छोटा पंप तळाशी आहे, त्याने रेघ हलत नाही. त्या आठवड्यात मी एकदा सलग दोन तास झोपलो. म्हणून तुला लिहिलं, टाकी पाहिजे.

तुझं यंत्र चालू असलं की रेघ हलते. आणि पंपाची घरघर फरशीतून गादीत येते. मला माहीत आहे तो पंप आहे. तरी मी उठून दारात जाऊन बसतो.

चालू ठेवलं तर मला बसून राहावं लागतं. बंद केलं तर मासे मरतात. मासे मेले की टाकी जाईल. यातून काय करावं ते मला कळलं नाही, म्हणून रोज रात्री बंद करत आलो. सकाळी चालू केलं की संध्याकाळपर्यंत फेस मानेपर्यंत चढतो. मग मी बटण बंद करतो आणि तो खाली पडतो. तुझं यंत्र पहिल्या दिवसापासून चांगलं आहे. तुला सांगायचं एवढंच राहिलं होतं.

रडू येत नाही. लोक विचारायचे, म्हणून लिहिलं. काहीच येत नाही.

गुरुलिंग


नांदेड, ७ ऑक्टोबर २००२

गुरुलिंगा,

पत्र दुकानात वाचलं. समोर एक बाई देव्हाऱ्याची काच घ्यायला उभी होती, तिला म्हणालो उद्या या. शटर अर्धं ओढून बसलो. साबेरा जेवायला बोलवायला आली, तिला पत्र वाचायला दिलं. तिने वाचून घडी करून माझ्या खिशात ठेवलं.

मी तुला व्हिनेगरने यंत्र धुवायला लावलं. आणि तू धुतलंस.

आता माझंही ऐक. तुला वाटत असेल मोहसीन त्या वेळी आला नाही. नंतरच्या पत्रात मी लिहिलं होतं की अब्बा आजारी होते. अब्बा ठणठणीत होते. चौथ्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी टेम्पोत रोट्या आणि पांघरुणं भरली, त्यात मी होतो. तुमच्या गावापाशी पोचलो. पाऊस लागला होता, वास होता, लष्कराची माणसं तोंडाला फडकी बांधून फिरत होती. तू रस्त्याच्या कडेला, लाकडं रचत होते तिथे, एका दगडावर बसला होतास. तुझ्या हातात कुणीतरी चहाचा पेला दिला होता आणि तू तो तिरका धरला होतास, चहा सांडून गेला होता. मी वीस पावलांवर होतो. माझ्याने पुढे येववलं नाही. तुझ्या तोंडाकडे बघायची मला भीती वाटली. काय बोलणार होतो मी? पांघरुणं उतरवली आणि टेम्पोत जाऊन बसलो. नऊ वर्षं तुला गमतीची पत्रं लिहितो आहे ती त्यामुळेच. गंमत केली की ते लिहावं लागत नाही.

मला शरम वाटते, गुरुलिंगा. ती आज लिहिली, पण लिहून कमी झाली असं नाही.

आता कामाचं. पंपाखाली घालायला जाड फोम आणतो आहे, आणि दोरीने टांगताही येईल, मग घरघर फरशीत उतरणार नाही. परत येणाऱ्या पाण्याच्या पाइपाला खाली वळवून तोंड पाण्याच्या आत नेऊ, म्हणजे रेघ पुष्कळ शांत होईल. पुष्कळ म्हणजे पूर्ण नव्हे. थोडी हलणारच. ती पूर्ण थांबवायची अक्कल माझ्याकडे नाही.

म्हणून मी येतो आहे. शनिवारी दुपारच्या गाडीने. रात्री बटण चालू राहील, तू पड आणि पाण्याकडे मी बघतो. मी बारा वर्षं काचेची कड डोळ्याने मापतो आहे, एका सुताचा फरक मला दिसतो. पंपाने हललेली रेघ कशी आणि तशी हललेली कशी, ते मला कळेल. काही झालं तर पाय धरून तुला बाहेर ओढीन. नाही म्हणून पत्र पाठवू नको, पोचायच्या आत मी निघालेला असेन.

मोहसीन


लातूर, २७ ऑक्टोबर २००२

मोहसीन,

नमस्कार. साबेरा वहिनींनी दिलेली चटणी मेसमध्ये संपली, डबा अर्शीकडे दिला आहे.

तू तेव्हा आला होतास ते मला माहीत नव्हतं. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही. चहाचं तर अजिबात नाही. तू पुढे आला असतास तरी मी तुला ओळखलं असतं की नाही, सांगता येत नाही. म्हणून त्याचं तू फार मनावर घेऊ नको.

तू होतास त्या तीन रात्रींचं तुला माहीतच आहे. पहिल्या रात्री मी झोपलो नाही, नुसता पडून होतो. तू खुर्चीत बसून दर थोड्या वेळाने "ठीक हाय" म्हणत होतास, ते ऐकत होतो. दुसऱ्या रात्री तुझं दोन-तीन वेळा ऐकू आलं नाही. तू म्हणालास मी तासभर झोपलो होतो. तिसऱ्या रात्री किती ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही.

तू गेल्यावरच्या दोन रात्री मी दारात बसून काढल्या. पण बटण चालू ठेवलं. पंप तू टांगलास तसाच टांगलेला आहे. फरशीत आता काही येत नाही. रेघ थोडी हलते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी कपात दोन बोटं फेस साचलेला होता. काळपट हिरवा, वास फार वाईट. सरांना दाखवला, त्यांनी नाक धरलं. आता रोज काढतो. पिवळा आणि पट्टेवाला दोघेही खातात. दिवाळी आली तरी सरांनी टाकीचा विषय काढलेला नाही. स्लॅबचं काम उन्हाळ्यावर गेलं आहे. उन्हाळ्याचं उन्हाळ्यात बघू.

लिहायचं मुख्य होतं ते परवाचं. इथे पहाटे साडेचारला पोरांना उठवायची घंटा असते, ती मी देतो. सात वर्षांत एकदाही चुकली नाही. सर पालकांना माझं उदाहरण देतात, आमचे रेक्टर घड्याळाच्या पुढं असतेत म्हणून. त्यात कौतुकाचं काही नाही, मी त्या वेळी जागाच असायचो.

परवा घंटा झाली नाही. मी डोळे उघडले तर पत्र्याच्या फटीतून ऊन आलं होतं आणि दाराबाहेर शंभर-सव्वाशे पोरं दातांना ब्रश लावून कुजबुजत उभी होती. दार वाजवायचं धाडस कुणाला होईना. त्यांना वाटलं मी मेलो. सात वाजून गेले होते. सगळं होस्टेल उशिरापर्यंत झोपून राहिलं, सकाळची टेस्ट बुडाली.

सर आले. फार चिडले होते. पोरांसमोर म्हणाले, "काय झालं रेक्टर? दवाखान्यात होता का? कुणी वारलं का? कारण सांगा." मी म्हणालो, झोप लागली. म्हणाले, "हे काय कारण झालं?" पोरं हसली. सर बराच वेळ वाट बघत उभे राहिले.

मी दुसरं कारण दिलं नाही.

गुरुलिंग